वर्षाचा मसाला

आमच्या गच्चीवर मिरच्या पडल्या की निम्म्या इमारतीला शिंका येतात. पंतनगरातल्या या जुन्या चारमजली इमारतीत मी राहायला आले तेव्हापासून हे असंच चाललं आहे. खालून कोणीतरी वैतागून ओरडतं, "अरे, आज कोणाचा मसाला?" आणि वरून आम्ही बायका ओरडतो, "सगळ्यांचा!" एप्रिल अर्धा सरला, ऊन तापलं, की गच्चीवर जुन्या साड्या पसरायच्या, त्यांवर बेडगी आणि संकेश्वरी वेगवेगळी घालायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून देठं खुडायची. कालपासून गच्ची पुन्हा लाल झाली आहे. आज सकाळी जिन्यातच तो वास नाकात शिरला, डोळ्यांत पाणी आलं आणि माझी जीभ आपोआप डाव्या गालाच्या आत जाऊन चाचपून आली. तिथे आता टाक्यांची एक गुळगुळीत खूण आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथे एक पांढरा चट्टा होता.

तो मला मिरचीनेच दाखवला. बाजारात मिरची घेताना तुकडा मोडून जिभेवर ठेवायचा, ही माझ्या आईची शिकवण. त्या दिवशी स्टेशनजवळच्या नेहमीच्या दुकानात मी बेडगीचा तुकडा तोंडात टाकला आणि डाव्या गालात अशी आग पेटली की मी तिथेच दुकानदाराशी भांडायला उभी राहिले. "बेडगी म्हणून लवंगी विकतोस काय रे?" त्याने शांतपणे एक मिरची मोडली, चावली आणि म्हणाला, "मावशी, फिक्की आहे हो. तुमच्याच तोंडात काहीतरी झालंय." मी रागाने दुसऱ्या दुकानात गेले. तिथलीही मिरची तशीच लागली. तिसऱ्या दुकानात मात्र मी चाखलं नाही. बेडगी दिसते तशी दिसली, वजन करून घेतली आणि गप्प घरी आले.

न्हाणीघराच्या आरशासमोर गाल बाहेर ओढून पाहिलं. हिरडीला लागून, नखाएवढा, दुधाची साय चिकटावी तसा चट्टा. बोटाने पुसला, निघाला नाही. मीठपाण्याने पुसला, निघाला नाही. चार दिवस हळद लावली, तूप लावलं. पाचव्या दिवशी माझ्या मुलीने, प्रज्ञाने, मला पकडून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, प्रज्ञापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या. छोटा आरसा घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तंबाखू? गुटखा? सुपारी?"

मी खुर्चीत ताठ झाले. "छे!" म्हणाले.

ते छे मी अगदी मनापासून म्हणाले होते. मी दिंडोशीच्या कोर्टात कारकून. तिथल्या बाकांवर तोबरा भरून बसलेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं झापत आले आहे. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी दिसली की माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. आणि मला विचारता, तंबाखू? बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं. म्हणाल्या, "याचा छोटा तुकडा काढून तपासायला हवा. बायॉप्सी. बहुतेक काही नसेल, पण बघायलाच हवं." तुकडा काढणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, त्या आठवड्यात जागा नव्हती, म्हणून बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

तारीख! तीस वर्षं हा शब्द माझ्या हातून लोकांना गेला. "मॅडम, जरा जवळची द्या ना," असं कोणी म्हटलं की मी मान वर न करता म्हणायचे, "आहे ती घ्या." त्या दिवशी काउंटरवरच्या बाईला मी म्हटलं, "ताई, जरा जवळची बघता का?" तिनेही मान वर केली नाही. मला तिचा राग आला नाही. माझाच आला.

बारा दिवस. लोक म्हणतात काळजीने रात्रीची झोप उडते. माझी नाही उडाली. मला भीती वाटायची ती दुपारी तीन वाजता, ऐन कामात. समोर फायलींचा ढीग, डोक्यावर पंखा, कोणीतरी चहा आणून ठेवलेला, आणि अचानक मी हातातली फाइल मिटून ठेवायचे. मरणाची भीती नव्हती, खरंच सांगते. मरणाशी माझी लहानपणीच ओळख झाली आहे. मला भीती होती तोंडाची. गाल कापतील, जीभ कापतील. मग मी बोलणार कशी? भांडणार कशी? माझं आख्खं आयुष्य या तोंडावर निघालं आहे. गोवंडीतल्या पत्र्याच्या घरातून शाळेत गेले ती तोंडाच्या जोरावर, नोकरीत टिकले ती तोंडाच्या जोरावर, नवरा गेल्यावर मुलीला वाढवलं ते चार नातेवाइकांना तोंडावर उत्तरं देऊन. नळीने पेज पिणारी आणि मान हलवून हो-नाही करणारी सुनंदा मला डोळ्यांसमोर दिसायची. मी तिला म्हणायचे, चल, नीघ इथून. ती जायची. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा हजर.

आणि लोक! बातमी मी एकीलाच सांगितली होती, पण आमच्या इमारतीत एकीला सांगणं म्हणजे फलक लावणं. कोणी गोमूत्राचं नाव सांगितलं, कोणी नाशिकच्या वैद्याचं. एक लांबची नणंद फोनवर इतकी रडली की शेवटी मलाच तिची समजूत घालावी लागली. सगळ्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. ज्या बायका माझ्याशी पाण्यावरून कचाकचा भांडायच्या त्या बाजूला सरून मला आधी बादली भरू द्यायच्या. मला ती बादली विषासारखी वाटायची. मी मुद्दाम भांडण काढायचे, आणि समोरची गप्प बसायची. जिवंतपणी माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

मऊ झाल्या नाहीत त्या एकट्या परबकाकू. समोरच्या घरात राहतात, मालवणकडच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांचा मसाला आणि माझा मसाला यांचं जुनं वैर आहे. त्यांच्यात त्रिफळं, माझ्यात भाजलेला कांदा आणि लसूण. दरवर्षी दोघी एकाच दिवशी, एकाच डंकावर कुटायला नेतो आणि परत येताना एकमेकींच्या डब्यात बोट घालून नाक मुरडतो. पण त्या उन्हाळ्यात मिरच्या वाळत घालताना काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनंदा, औंदा मसालो थोडोच कर गो. मगे बघूया."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तिखट खाता येत नाही, कष्ट कशाला, एवढंच असेल. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. मसाला वर्षाचा करतात. एप्रिलमध्ये कुटतात तो पुढच्या एप्रिलपर्यंत पुरायला हवा. 'थोडोच कर' म्हणजे, बाई गं, तू वर्षभर असशील असं धरू नकोस. माझ्या हातातली देठं खाली पडली. मी म्हटलं, "काकू, दरवर्षी पाच किलो करते ना? औंदा सात करणार." आणि तशीच चपला घालून आणखी दोन किलो मिरची आणायला गेले. जिना कठडा धरून उतरले, हेही सांगून टाकते. पण उतरले.

त्या रविवारी आईकडे गेले. आई गोवंडीला माझ्या भावाकडे असते. मी गेले तेव्हा ती दारातच बसली होती आणि चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, तिचा तो खास तवा होता. तंबाखूची पानं त्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, कुटून बारीक करायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. झाली मशेरी. मिरची भाजताना जसा ठसका लागतो तसाच याचा लागतो. आमच्या गल्लीत लहानपणी कुठल्या घरात मिरची आणि कुठल्या घरात मशेरी हे आम्ही पोरी नुसत्या खोकल्यावरून सांगायचो. सकाळी सगळ्या बाया रांगेने उंबऱ्यावर बसायच्या, डाव्या हाताचं बोट तोंडात, गप्पा सुरू. माझा दात दुखला तेव्हा आईनेच पहिली चिमूट दिली होती. मी बारा वर्षांची होते. दुखणं थांबलं. डबी राहिली.

आईने माझा चेहरा पाहिला. डबी उघडून पुढे केली. "धर, लाव चिमूटभर. जिवाला घोर लावून घेतलाईस. जीव ठिकाणावर येईल."

आणि मी बोट घातलं. चट्ट्याच्या जागी आग व्हायची म्हणून ते बोट मी उजव्या बाजूला नेलं. तेव्हा, त्या क्षणी, माझ्या लक्षात आलं की मी बाजू बदलली. इतकी वर्षं मी मशेरी डावीकडे लावत होते. हिरडी आणि गालाच्या मधे. नेमकी तिथेच.

माझी वाट लागली होती आणि ती वाट घरातूनच निघाली होती. बोट तसंच तोंडात. आई म्हणत होती, "काय झालं गं?" मी उठले, मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली.

आता कोणी म्हणेल, शिकलेली बाई, कोर्टात नोकरी, मशेरी म्हणजे तंबाखू हे कळलं नाही? कळत होतं आणि नव्हतं. तंबाखू खातात ते पुरुष, मळून, चुना लावून. आम्ही खात नव्हतो, दात घासत होतो. आमच्याकडे कोणत्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. दर रविवारी विहारात मी पंचशील म्हणायचे. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, ते म्हणताना माझा आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा. हिरडीला सकाळची चिमूट तशीच असायची. कधी अडखळले नाही. पण एक गोष्ट मला टोचते. प्रज्ञा आठवीत असताना तिच्या मैत्रिणींसमोर मी बोट तोंडात घालून आले, ती लाजली, रडली, तेव्हा मी तिला सांगितलं होतं, सोडली मशेरी. सोडली नव्हती. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, दहा मिनिटं. दात घासायला कोणी दार लावून नळ सोडतं का? म्हणजे आत कुठेतरी मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी गच्चीवर मिरच्या गोळा करताना प्रज्ञाला सांगितलं. ती साडीची दुसरी दोन टोकं धरून उभी होती. ऐकता ऐकता तिने टोकं सोडली आणि मिरच्या पुन्हा सगळ्या गच्चीभर.

"आई, मशेरी म्हणजे तंबाखूच असते ना यार! भाजलेली तंबाखू!"

"हो."

"मग डॉक्टरला छे काय म्हणालीस? माझ्यासमोर?"

"मला तेव्हा खरंच वाटलं, नाही म्हणून."

"आणि मला सांगितलंस सोडली. ते पण खरंच वाटलं तुला?"

तोंडाळ बाई मी, पहिल्यांदाच मान खाली घालून सांडलेल्या मिरच्या वेचायला लागले. ती खूप बोलली. मला घाबरवण्यासारखं बोलली, मग स्वतःच घाबरली, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मिरचीचे हात डोळ्यांना लागले आणि दोघींची अशी काही आग आग झाली की टाकीच्या नळाखाली डोकी धरून आम्ही हसायलाच लागलो. नंतर दोघींनी मिळून अंधार पडेपर्यंत मिरच्या वेचल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, माझा जबाब बदलायचाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या खूप जणी येतात. तंबाखू विचारलं की छे म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. माझंच चुकलं. यापुढे मी आधी विचारेन, दात कशाने घासता?" त्यांनी कागदावरचं 'नाही' खोडलं. न्हाणीघरात लपवलेली माझी डबी मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आले.

हे लिहायला सोपं. डबी ठेवली म्हणून मशेरी सुटत नाही. तिसऱ्या दिवशी मी कोर्टाच्या खालच्या टपरीवर दोनदा जाऊन उभी राहिले आणि दोनदा परत आले. डोकं धरलं, पोट साफ होईना, समोर आलेल्या प्रत्येकावर खेकसले. एकदा हार खाल्ली, तेही सांगते. परबकाकूही मशेरी लावतात, त्यांच्या डबीतून, उभ्या उभ्या. थुंकून टाकली आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागले.

बायॉप्सी गुरुवारी होती. मसाला बुधवारी कुटला. सात किलो. डंकावाला म्हणाला, "ताई, लग्न आहे का घरात?" मी म्हटलं, "असंच समज." लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती, लाल धूळ उडत होती, तोंडाला पदर बांधून मी उभी होते. दरवर्षी कुटून झाला की चिमूट जिभेवर ठेवून मीठ बघायचं असतं. मला ते जमणार नव्हतं. काकूंनी आपला डबा बाजूला ठेवला, माझ्या मसाल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. या बाईने माझ्या मसाल्याला कधी बरं म्हटलं नव्हतं. "मीठ कमी हा," म्हणाल्या, "बाकी झकास." मी रडले ती तिथे, त्या धुळीत. कोणाला कळलं नाही. तिथे सगळेच रडत असतात.

तुकडा काढला. सुईची टोच आणि मग गालात नुसतं ओढल्यासारखं. दोन टाके. इवल्या बाटलीत माझा पांढुरका कण तरंगत होता आणि बाटलीवर माझं नाव. मी त्या कणाकडे रोखून पाहिलं. मनात म्हटलं, बघ हं, सात किलो मसाला भरून ठेवलाय घरी.

आठ दिवसांनी कागद आला. कॅन्सर नव्हता. पण चट्टा चांगल्या घरचाही नव्हता; पेशी बिघडायला लागल्या होत्या. तसाच राहिला असता, आणि मशेरीही तशीच राहिली असती, तर पुढे काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको होता. तो सगळाच काढून टाकला. आता दर तीन महिन्यांनी जाऊन तोंड उघडायचं. कायमचं. दर वेळी खुर्चीत बसले की दुपारी तीनची ती भीती परत येते. येऊ दे. मी जाते.

सात किलो मसाला दीड वर्ष पुरला. शेवटी शेवटी रंग उतरला होता, वास गेला होता, तरी मी तो शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ला. आई अजून मशेरी लावते. "दातच न्हाईत, आता काय हुतंय मला," म्हणते. तिच्याशी मी दर रविवारी भांडते आणि दर रविवारी हरते. पण माझ्या भावाच्या दोन मुलींना तिने डबी दिली नाही. ते भांडण मी जिंकले आहे.

कोर्टात आता कोणी म्हणालं, "मॅडम, जवळची तारीख द्या ना," तर मी मान वर करून बघते. देता येतेच असं नाही. पण बघते.

आणि गच्चीवर एक नवी रीत पडली आहे. मिरच्यांना हात लावायच्या आधी सगळ्या बायकांनी आळीपाळीने उन्हाकडे तोंड करून आ करायचा. मी गाल ओढून बघते, प्रज्ञा मोबाइलचा दिवा धरते. पहिल्या वर्षी जाम हसल्या, पदर तोंडाला लावून पळाल्या. दुसऱ्या वर्षी बसल्या. परबकाकू मात्र कधी तयार झाल्या नाहीत. "माका काय झाला नाय," म्हणून मान फिरवायच्या.

आज सकाळी देठं खुडताना त्यांनी मिरचीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. म्हणाल्या, "यंदाची बेडगी लय तिखट हा गो."

मी त्याच ढिगातली एक उचलून चावली. फिक्की होती.

"काकू, आ करा."

"काय ता नाटक..."

"आ करा म्हटलं ना!"

त्यांनी केला. ऊन थेट आत पडलं. उजव्या हिरडीच्या खाली, नखाएवढा. मी गाल सोडला तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. एवढी खमकी बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उकिडवी बसून राहिली. सगळ्या जणी मऊ व्हायच्या बेतात आहेत हे मला दिसलं, आणि मी सगळ्यांकडे एकदा डोळे वटारून पाहिलं.

"उद्या सकाळी नऊला तयार राहा," मी काकूंना म्हटलं. "मी आहे सोबत."

त्यांनी पुढ्यातल्या मिरच्या हाताने बाजूला सारल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मगे औंदा मसालो थोडोच करूया गो?"

मी खाली पडलेली मिरची उचलून त्यांच्या हातात दिली.

"वर्षाचो, काकू," मी म्हटलं. "पुरो सात किलो."